आमच्या ‘भ’ला लागलेला विषाणू

चोर तुम्ही आहात.

हे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण तुमच्या कचेरीत पहिल्या ओळीपुढे कुणी वाचत नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तुमचं नाव मी घेत नाही. घेतलं की लगेच म्हणाल, भाषेची सेवा करणाऱ्या एवढ्या मोठ्या संस्थेची बदनामी केली, आणि कुणी, तर मनमाडच्या एका नववी नापास वेल्डरनं. म्हणून नाव राहू द्या. काय चोरलं ते शेवटी सांगतो. आधी तुमच्या त्या विषाणुनाशकाचं बघू.

“विषाणुनाशक द्या,” मी म्हणालो.

कृषी सेवा केंद्रातल्या झंवर शेठनी चष्मा कपाळावर चढवला. “कशावर मारायचंय? मिरचीवर का टोमॅटोवर?”

“कॉम्प्युटरवर.”

खताची गोणी खांद्यावर घेतलेला हमाल गोणीसकट जागेवर थांबला.

“कॉम्प्युटरवर,” शेठ शांतपणे म्हणाले. “बरं. पानं कोकडलीत का त्याची?”

हसा. त्या दिवशी सगळं दुकान हसलं, तुम्हीही हसा. पण शब्द तुमचा होता. तुमचं नवीन पत्र माझ्या खिशात होतं : ‘संगणकावर अधिकृतपणे खरेदी केलेले विषाणुनाशक असणे बंधनकारक असून त्याची पावती जोडावी. निःशुल्क विषाणुनाशक ग्राह्य धरले जाणार नाही.’ तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरच्या क्लासला जाताना चपला बाहेर काढायला लावायचे, आत पडदे, एसी, आणि भिंतीवर पाटी, ‘धूळ नको’. व्हायरस हा चपलेतून येतो असं निम्म्या गावाला वाटायचं. मला वाटलं, असेल काहीतरी फवारायचं. तुम्ही सरळ ‘अँटीव्हायरस’ लिहिलं असतं तर मी निदान शाळेतल्या पोरांना विचारलं असतं. पण तुम्ही मराठी जगवत होता ना!

आता हे पत्र आमच्या घरी का आलं ते सांगतो.

तुम्ही बोलीभाषेचा कोश काढत होता. विद्वानांनी गावोगाव फिरून शब्दांची कार्डं केलेली, आणि ती कॉम्प्युटरवर चढवायला तुम्हाला घरबसल्या टाईप करणाऱ्या बायका हव्या होत्या. एका बाईला एक अक्षर. माझी बायको शैलजा टायपिंगची परीक्षा पास. तिच्या हट्टापायी बंद पडलेल्या सायबर कॅफेतून जुना कॉम्प्युटर आम्ही उचलून आणलेला. तिनं अर्ज केला आणि तिला अक्षर मिळालं ‘भ’.

आमच्या आळीत ही बातमी पोचली तेव्हा केवढा आनंद! लोक मला थांबवून म्हणायचे, “वहिनींना भ ची बाराखडी मिळाली म्हणे. बरंय, तुम्हाला घरातच सराव.” शैलजानं मनावर घेतलं नाही. सकाळी ती ‘भाकर’ करायची आणि दुपारी ‘भाकर’ टाईप करायची. मी दुकानातून आलो की विचारायचो, “कुठवर आलीस?” ती म्हणायची, “आज भडभुंजा झाला. उद्या भांडण.”

पैशासाठी नव्हतं हो ते. तुमच्या पहिल्या पत्रात एक ओळ होती, ती तिनं मला तीनदा वाचायला लावली : ‘प्रत्येक अक्षराचे काम करणाऱ्या भगिनीचे नाव कोशाच्या प्रस्तावनेत छापले जाईल.’

“तुझं नाव आधी छापून आलंय की,” मी म्हणालो. “लग्नाच्या पत्रिकेत.”

“पत्रिकेत विमल छापलं होतं,” ती म्हणाली. “शैलजा तुम्ही केलीत, तांदळात बोट फिरवून. ते नाव तांदळावर लिहिलंत आणि ते तांदूळ आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी शिजवले. त्यानंतर शैलजा कुठे छापली गेलीय? दाखवा.”

दाखवायला काही नव्हतंच.

आता केरूमामा. हे शैलजाचे सख्खे मामा. आमच्याच गल्लीच्या टोकाला एकटे राहायचे, आणि तव्यावर पहिली भाकरी फुगली की तिची वाफ नाकात शिरल्यासारखे बरोबर आमच्या उंबऱ्यात हजर व्हायचे. “नाही नाही, मी जेवून आलोय,” म्हणत पाटावर बसायचे. जेवता जेवता जगाला शहाणपण शिकवायचे. मी कृषी केंद्रातून तोंड पाडून घरी आलो त्या दिवशीही ते पाटावरच होते.

“जावईबापू, पत्र मी वाचलंय,” ते म्हणाले. “अँटीव्हायरस म्हणतायत ते. पेटीत मिळतं.”

“पण आपल्याकडे आहे ना,” शैलजा चुलीपासून म्हणाली. “कॅफेवाल्यानं घालून दिलंय. रोज सकाळी एक हिरवी पाटी येते, पैसे देता का विचारते. नाही म्हटलं की बिचारं मुकाट्यानं राखण करतं. त्याचं काय वाईट आहे?”

“फुकटचं आहे ते!” मामांनी पिठल्यात भाकरी बुडवली. “फुकटच्या गोष्टीचा कधी भरवसा धरू नये, पोरी. फुकट जो येतो तो आतलं घर बघायला येतो. माझं बघ, आयुष्यात मी फुकटच्या वस्तूला हात लावला नाही. वाढ अजून एक. आणि कांदा दे, फोडून.”

शैलजानं माझ्याकडे पाहिलं. मी पिठल्याकडे पाहिलं.

मला सांगा, फुकटचं आणि विकतचं यात फरक काय, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं का? कॅफेवाला म्हणाला, घरच्या कॉम्प्युटरला फुकटचं पुष्कळ झालं, नव्या व्हायरसांची यादी पेनड्राइव्हवर नेत जा म्हणजे झालं. पेटी विकणारा म्हणाला, फुकटचं म्हणजे बिनपगारी वॉचमन, झोपणारच. दोघेही आपापलं बोलत होते. ठरवलं तुम्ही. पावती हवी, नाहीतर भ काढून घेऊ. शैलजानं भिशी उचलली आणि मी नाशिकहून पेटी आणली. पेटीवर चिलखत घातलेला एक गोरा माणूस ढाल घेऊन उभा होता. माझ्या आईनं त्याला हळदीकुंकू लावलं.

पेटीतली तबकडी आत गेली. फुकटच्याला काढून टाकलं. शेवटची हिरवी पाटी आली, ‘खरंच जाऊ का?’ अशा अर्थाची. शैलजाला जरा वाईट वाटलं. मग चिलखतवाला कामाला लागला. मी, शैलजा आणि जेवायला आलेले मामा समोर बसून पडद्यावर सरकणारी पट्टी बघत होतो. निम्म्यावर आली आणि पडदा लाल झाला.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

शैलजानं अक्षरं लावून वाचलं. “धोका सापडला. नाव... मराठी डॉट ई-एक्स-ई.”

“काय सापडलं?”

“मराठी. अहो, ते संस्थेनं दिलेलं. मराठी टाईप करायची सीडी आली होती ना पहिल्या पत्राबरोबर, त्यातलं. हे म्हणतंय, काढून टाकू का?”

“मग दाब की ओके!” मामा म्हणाले. “पैसे मोजलेत त्याला. तो काय येडाय का?”

“मामा, थांबा, आधी विचारते...”

मामांनी पिठल्याचं बोट पुढे केलं आणि बटण दाबलं.

झालं. मराठी गेली. हे मी अलंकारिक बोलत नाही. भाकर, भगर, भडभुंजा, भांडण, महिनोन्‌महिने बसून टाईप केलेलं सगळं उघडलं तर ओळीच्या ओळी चौकोन, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. तुमचं ते मराठी डॉट ई-एक्स-ई असल्याशिवाय त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. शैलजा पडद्याकडे बघत राहिली. मामा हळूच उठले, हात धुतले, आणि “माझं काय चुकलं, लालच आलं होतं” म्हणत घरी गेले. जाताना शिंक्यावरचा पेरू घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीडी बूथवरून तुम्हाला फोन लावला. तुमच्या कोशविभागाचे साहेब बोलले.

“साहेब,” शैलजा म्हणाली, “तुमच्या सीडीत व्हायरस आहे असं अँटीव्हायरस म्हणतोय.”

“विषाणू म्हणा, बाई. विषाणुनाशक म्हणा. आपण कोशाचं काम करतो आहोत.”

“बरं. तुमच्या सीडीत विषाणू आहे.”

“अशक्य! ती आमच्या संस्थेची अधिकृत आज्ञावली आहे. विषाणुनाशक बंद करा, आमची आज्ञावली पुन्हा घाला, काम करा.”

“बंद करायचं? मग ते विकत का घ्यायला लावलंत?”

“ती अट आहे, बाई,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे दाराला कुलूप विकत घ्या, पावती आम्हाला पाठवा, आणि कडी काढून झोपा. आम्ही तसं केलं. चिलखतवाल्याला झोपवलं, तुमची सीडी पुन्हा घातली, चौकोनांची पुन्हा भाकर झाली. शैलजा रडली नाही, पण त्या दिवशी तिनं मामांना वाढलं नाही. मामांनी हातानंच घेतलं.

जेवून ते गेल्यावर मी पाहिलं तर ती तावातावानं टाईप करत होती. पुढ्यात कार्ड नव्हतं.

“काय लिहितेस?”

“शब्द.”

मी वाकून वाचलं. ‘भाणघुशा : (पु.) दुसऱ्याच्या भाण्यात, म्हणजे ताटात, न बोलावता हात घालणारा व वर उपदेश करणारा. उदा. केरूमामा पक्का भाणघुशा.’

मला हसू आवरेना. “हा शब्द कार्डावर आहे?”

“माझ्या आईच्या तोंडात होता. आई आपल्या भावालाच म्हणायची. आमच्या घराबाहेर कुणी म्हणत नाही, तिनंच केलेला असेल.”

“मग काढ. तुला उतरवायला ठेवलंय, भर घालायला नाही. आणि मामांचं नाव कशाला?”

“प्रत्येक शब्दाला उदाहरण द्यायचं, असा नियम आहे त्यांचा,” ती म्हणाली. “नको असेल तर तेच काढतील. इतके विद्वान आहेत. वाचतील ना?”

वाचतील ना! आजही तो प्रश्न कानात वाजतो.

काम संपलं. तुमचा आणखी एक नियम होता : सीडीवर नुसतं काम नको, आमच्या आज्ञावलीसकट सगळा फोल्डर जसाच्या तसा द्या. तसा दिला. आम्ही दोघं तुमच्या शहरात आलो. शैलजानं भावाच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती. दारात पाटी : ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. काढली. आत तुमचे साहेब बुटात बसले होते.

“या, भ!” ते म्हणाले. आम्हाला ते अक्षरानंच ओळखत होते. “पावती?”

शैलजानं पेटीची पावती दिली. त्यांनी ती टाचणीनं लावली, एकदा नाही, दोनदा. मग सीडी घेतली आणि आपल्या कॉम्प्युटरात घातली. आधी भ ची फाईल आपल्या कॉम्प्युटरात उतरवून घेतली. त्यांच्याकडच्या नव्या आज्ञावलीत उघडली. पडद्यावर ‘भ’ आला, त्याखाली ‘भकणे’. साहेब खूश झाले. “शुद्धलेखन चांगलं आहे हो तुमचं,” असं म्हणाले. शैलजाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पेटीचे पैसे इथेच वसूल झाले.

तेवढ्यात पडदा लाल झाला.

“व्हायरस!” साहेब खुर्चीसकट मागे सरकले. घाबरल्यावर माणसाला विषाणू म्हणायला वेळ मिळत नसावा. “तुमच्या सीडीत व्हायरस आहे!”

“नाव वाचा, साहेब,” मी म्हणालो.

“कसलं नाव?”

“लाल पाटीवरचं. ज्याला व्हायरस म्हणतोय त्याचं.”

त्यांनी वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही. म्हणून मी वाचलं. “मराठी डॉट ई-एक्स-ई. हे तुमचं आहे. तुम्ही आम्हाला दिलं, आम्ही तुम्हाला परत दिलं.”

“आमच्या आज्ञावलीत विषाणू असूच शकत नाही. तो तुमच्या घरच्या संगणकातून लागला. विषाणुनाशक चालू होतं का?”

“तुम्हीच बंद करायला सांगितलंत ना?” शैलजा म्हणाली.

“लेखी आहे?”

आणि नेमकं तेव्हाच, देवाशपथ सांगतो, तुमच्या साहेबांच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक हिरवी पाटी सावकाश वर आली. ओळखीची. पैसे देता का विचारणारी.

शैलजानं ती माझ्याआधी पाहिली. “अगंबाई,” ती म्हणाली, “तुमच्याकडे फुकटचंच आहे?”

साहेबांनी चपळाईनं पाटी बंद केली. “तो संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे.”

“पण मग आमच्याकडून पावती कशाला?”

“बाई, अट बाहेरच्यांसाठी असते.”

घरचं विकतचं आणि तुमचं फुकटचं. एकमेकांचं तोंड न पाहिलेले ते दोघे वॉचमन एकाच फाईलकडे बोट दाखवत होते. फुकट आणि विकत या भांडणाचा निकाल तिथेच लागला होता : दोन्ही चांगले होते. आमचं जुनं फुकटचं तेवढं गप्प राहिलं होतं, कारण नव्या व्हायरसांची यादी आम्ही कधी आणलीच नव्हती. खोट सीडीत होती, आणि सीडी तुमची होती. पण साहेबांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं, ‘भ या अक्षराचे काम संसर्गित आढळल्याने अमान्य.’

“माझं नाव?” शैलजानं विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

“काम अमान्य म्हटल्यावर नाव कसं येईल?”

“मग सीडी द्या आमची.”

“संसर्गित वस्तू परत देता येत नाही. ती नष्ट केली जाईल. तसा नियम आहे.”

“आणि तुम्ही उतरवून घेतलेली फाईल?”

“तीही,” साहेब म्हणाले. “अर्थात.”

बाहेर येऊन मी भ ची बाराखडी सुरू केली, पहिल्या अक्षरापासून. शैलजानं माझा हात धरला. “राहू द्या,” ती म्हणाली. “ते सगळे शब्द मी टाईप केलेत. अमान्य झालेत आता.” चपला घातल्या आणि चालू लागली. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तिनं कॉम्प्युटरवर जुनी ओढणी टाकली. पुन्हा तिनं टायपिंगचं नाव काढलं नाही. आईनं चिलखतवाल्याच्या पेटीत हळकुंडं ठेवायला घेतली. मामा जेवायला येतच होते.

ही झाली जुनी गोष्ट. मामा आता नाहीत. गेले त्या दिवशीही आमच्याकडेच जेवले होते.

मागच्या महिन्यात नगरपालिकेच्या वाचनालयाचं रॅक वेल्ड करायला मला बोलावलं. ठिणग्या उडू नयेत म्हणून पुस्तकं खाली उतरवत होतो, तर हातात तुमचा कोश आला. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. प्रस्तावना उघडली. क्रमानं सगळी अक्षरं आणि त्यांच्यापुढे बायकांची नावं. ‘ब’ पुढे एका बाईंचं नाव, ‘म’ पुढे दुसऱ्या बाईंचं. मध्ये ‘भ’. त्याच्यापुढे : ‘संस्थांतर्गत’.

मला वाटलं, ठीक आहे. पुन्हा टाईप करून घेतलं असेल त्यांनी. माणसानं एवढा संशयी असू नये. तरी पानं उलटली. भाकर आली. भांडण आलं. त्या दोघांच्या मध्ये माझं बोट थांबलं.

पुस्तक मी घरी आणलं, ग्रंथपालाला सांगून. शैलजापुढे उघडून धरलं. तिनं चष्मा लावला, वाचलं, मग त्या ओळीवरून बोट फिरवलं, तांदळातून फिरवतात तसं.

“मामाचं नाव छापून आलं,” ती म्हणाली. “माझं नाही. मामाचं आलं.”

म्हणून हे लिहिलं. माफी नको, पैसेही नकोत. ‘भाणघुशा’ म्हणजे काय ते तुमच्याच कोशात आहे, उघडा आणि वाचा, या वेळी शेवटपर्यंत. आमची सीडी संसर्गित होती ना? नष्ट केलीत ना? ती फाईलसुद्धा, अर्थात? भ चं काम तुमच्याच कचेरीत, तुमच्याच माणसांनी, पहिल्यापासून केलं ना? मग शैलजा रामेश्वर खैरनार हिच्या वतीनं मी तुम्हाला एकच गोष्ट विचारतो, आणि तिचं उत्तर मला लेखी पाहिजे :

आमचे केरूमामा तुम्हाला कुठे भेटले?